मालकांच्या गालावरचा तीळ

१

नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला दहा तास उरले होते, आणि त्या शनिवारी सकाळी रॉयल कॅव्हर्शम थिएटरच्या रंगमंचावर टोबायस रॅगला चोर ठरवण्यात आलं.

चोरीला गेलं होतं एक वाक्य. सात शब्दांचं.

आमच्या धंद्यात नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत उच्चारत नाहीत. रिकाम्या थिएटरात ते कुणी बोललं की नाटक आपटतं, अशी श्रद्धा आहे. नट तिथपर्यंत येतो, तोंड मिटतो, हात हवेत फिरवतो, आणि सगळे मटणाचा पाव खायला जातात. इतरांना ते वाक्य ठाऊक असण्याचंही कारण नसतं, कारण ज्याच्या त्याच्या हातात फक्त स्वतःच्या संवादांची नक्कल असते. 'कप्तानाचं घर' हे अख्खं नाटक लंडन शहरात तीनच माणसांनी वाचलेलं होतं. ज्याने लिहिलं तो, म्हणजे मी, लायनेल फिच. ज्यांना शेवटचं वाक्य बोलायचं होतं ते, म्हणजे आमचे मालक लुशियस थॉर्नबरी. आणि ज्याच्याकडे प्रॉम्प्टिंगची वही असते तो, म्हणजे रॅग. परवान्यासाठी एक प्रत सरकारी कचेरीत गेली होती, पण तिथून आजवर एक शब्दही बाहेर आला नव्हता.

आणि त्या सकाळच्या 'नेटल' साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं होतं. कप्तानाच्या पोशाखातले मालक, ढेरी पुढे, डाव्या कमरेला तलवार, समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. डोक्यावर 'रॉयल कॅव्हर्शम' अशी पाटी. आणि खाली छापलेलं:

'या घरात मला ओळखणारं कोणी उरलंय का?'

तेच. शब्दन् शब्द.

'नेटल'मधलं मालकांवरचं हे आठवं चित्र. गेले आठ आठवडे कुणीतरी निनावी माणूस त्यांना सोलून काढत होता. कधी लेखकांच्या अंड्यांवर बसलेली कोंबडी, कधी स्वतःच्या पुतळ्याला अंगाई गाणारी दाई. प्रेमाची कबुली द्यायला अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यावर बसलेले आणि उठवायला चार हमाल, हे चित्र तर फारच गाजलं. चित्र इतकं खरं असायचं की हसून झाल्यावर घसा कोरडा पडायचा.

"एकतीस वर्षं!" मालक गरजले. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. समोर एकच माणूस असला तरी जायचा. "एकतीस वर्षं तुला माझ्या कोपऱ्यात बसवलं, टोबी, आणि तू माझं वाक्य त्या गटारात विकलंस?"

रॅग त्याच्या तीन पायांच्या स्टुलाजवळ उभा होता. सत्तरीचा, सडपातळ, कोटाची सगळी बटणं लावलेला.

"मी नाही विकलं, मालक."

"मग कुणी? या फिचने? याला स्वतःची वाक्यं आठवत असती तर तीच ती पुन्हा लिहिली असती का?"

मी गप्प बसलो. नाटककाराला तेवढं जमतं.

"तर मग सिद्ध कर, की तू नाहीस," मालक म्हणाले.

रॅगने तोंड उघडलं. मग मिटलं. त्याने स्टूल उचललं, ते त्याचं स्वतःचं होतं, आणि भिंतीला हात लावत लावत तो बाहेर गेला.

"निरपराध माणूस एवढ्या लवकर स्टूल उचलतो का?" मालकांनी विचारलं.

"उचलतो," विंगेतून आवाज आला, "सांगण्यासारखं काही असून सांगता येत नसेल तर."

कपडेपटाच्या पिमबाई. तोंडात टाचण्या धरून त्या इतकं स्पष्ट बोलायच्या की आमच्या नायिकेने शिकवणी लावायला हवी होती.

२

डोर्कस पिम या विधवा बाई वीस वर्षं आमचे कपडे शिवत होत्या. माणूस कुठे सैल आहे आणि कुठे आवळलेला, हे त्यांना त्याने सांगावं लागत नसे. तासाभराने त्यांनी मला कपडेपटात बोलावलं. 'नेटल'चे आठही अंक टेबलावर पसरलेले होते.

"बसा, फिचसाहेब. तुम्ही काढलंत का हे?"

"मी? बाई, मला चित्र काढता येत नाही."

"ते तुमच्या नाटकातल्या माणसांवरून कळतंच. पण विचारलं. वाक्य कुणाला सांगितलंत?"

"कुणालाही नाही. माझी नाटकं लोक प्रयोगात ऐकत नाहीत, आधी कोण ऐकणार?"

त्यांनी मान डोलावली. सहानुभूती नव्हती त्यात, नोंद होती.

"सहा वाजेपर्यंत टोबी परत कोपऱ्यात बसायला हवा," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांनंतर चोर म्हणून बाहेर पडलेला म्हातारा दुसऱ्या कुठल्या थिएटरात जाणार? आणि तो नसला तर मालकांचं काय होणार, ते वेगळंच."

"मालकांचं काय व्हायचंय?"

"चला," पिमबाई म्हणाल्या, "बोल्टकडे."

फिनियस बोल्ट आमचा पडदे रंगवणारा. थिएटरात चित्र काढू शकणारा तोच एक, आणि मालकांवर राग असायला त्याच्याकडे आभाळाएवढं कारण होतं. या नाटकातलं आभाळ त्याला तीनदा रंगवायला लावलं होतं. चंद्र मालकांच्या चेहऱ्यापेक्षा उजळ दिसतो म्हणून.

"मी काढलं असतं, बाई," बोल्ट शिडीवरूनच म्हणाला. "आनंदाने काढलं असतं. पण मला शेवटचं वाक्य काय, पहिलंही ठाऊक नाही. मला सांगितलं घर, खिडकी, समुद्र. मी घर, खिडकी, समुद्र काढला. आत कोण काय बडबडतं त्याच्याशी मला काय करायचंय?"

"हात कसा आहे माणसाचा?"

बोल्टने अंक हातात घेतला आणि तो जरा गंभीर झाला. "हात कसलेला आहे. जुन्या पद्धतीचा. पण चूक बघा ना. मालकांचा तीळ उजव्या गालावर. इथे डाव्या. केसांचा भांगही उलट्या बाजूला. छापायच्या लाकडी ठोकळ्यावर चित्र उलटं काढावं लागतं, तेव्हा छापून सुलटं येतं. हा विसरला. नवशिक्या!"

"आत्ता म्हणालास कसलेला."

"म्हणजे... कसलेला नवशिक्या."

पिमबाईंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. मग एकेक करून त्यांनी आठही चित्रं बघितली. आठही चित्रांत तीळ डाव्या गालावर होता.

"बोल्ट, तो विसरला असता तर तलवार कुठे आली असती?"

बोल्ट शिडीवरून दोन पायऱ्या खाली उतरला. "उजव्या कमरेला."

"आणि ही पाटी?"

"उलटी... अक्षरं उलटी आली असती." तो आणखी एक पायरी उतरला. "पण ती सुलटी आहेत."

"कोटाची बटणंही बरोबर बाजूला आहेत. मीच लावलीत," पिमबाई म्हणाल्या. "सगळं चित्र बरोबर आहे. चेहरा तेवढा उलटा."

त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या. वीस वर्षांत मी त्यांचं तोंड रिकामं पहिल्यांदाच पाहिलं. ते फार दुःखी होतं.

३

रॅग ड्रूरी लेनच्या मागे एका खोलीत राहायचा. आम्ही गेलो तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता. खोलीत खुर्ची होती, तरी स्टुलावर.

"टोबी, चहा टाक," पिमबाई म्हणाल्या.

"तूच टाक, डोर्कस. मला आज नोकरी नाही, म्हणजे मी साहेब आहे."

त्यांनी किटली ठेवली, आणि सहज म्हणाल्या, "तुझ्यावर ज्याच्यामुळे बालंट आलं ते चित्र तरी बघितलंस का?" त्यांनी अंक त्याच्या हातात दिला. उलटा. मालकांचे पाय वर, डोकं खाली.

रॅगने तो हातभर लांब धरला. बराच वेळ बघितला.

"हुबेहूब आहे," तो म्हणाला. "नाकाला तर तोड नाही."

किटली उकळायला लागली. कुणी उठलं नाही.

"किती दिवस झाले, टोबी?" पिमबाईंनी विचारलं.

त्याने अंक खाली ठेवला. घडी नीट घातली, कडा बोटांनी चाचपून.

"चार वर्षं. उजेड-अंधार कळतो. माणसं चालण्यावरून ओळखतो."

"आणि वही?" मी विचारलं. "तू तर रोज पानं उलटतोस!"

"पानं उलटायला डोळे लागत नाहीत, फिचसाहेब. घरमालकिणीची मुलगी मला अख्खं नाटक तीनदा वाचून दाखवते. नाही, शेवटचं वाक्य नाही; ते पान मी आधीच काढून ठेवतो. तेवढं मी तुमच्याच तोंडून ऐकलं, तुम्ही वही दिलीत तेव्हा. आठवतंय? तुम्हाला फार आवडलं होतं ते." तो किंचित हसला. "तीनदा ऐकलं की माझ्याकडे राहतं. पण आंधळा प्रॉम्प्टर कोण ठेवणार? चोर म्हणून गेलो तर निदान लोक म्हणतील, कामाचा माणूस होता."

याच्यासाठी तो सकाळी गप्प बसला होता. निर्दोष ठरायचं तर निरुपयोगी ठरावं लागणार होतं.

"एक सांग," पिमबाई म्हणाल्या. "मालक हल्ली अडतात का?"

"मालक अडत नाहीत," रॅग ताठ होऊन म्हणाला. "थांबतात."

"टोबी."

"एका अंकात सहा-सात वेळा थांबतात," तो हळू म्हणाला. "उन्हाळ्यापासून. मी शब्द देतो, ते घेतात. कुणाला कळत नाही. तुलाही कळायला नको होतं." मग त्याने आवाजाच्या दिशेने माझ्याकडे तोंड वळवलं. "आज कोपऱ्यात कोण बसतंय?"

"मी," मी म्हटलं.

रॅगचा चेहरा बघवेना.

४

पाच वाजता पिमबाईंनी मालकांच्या रंगपटाचं दार ठोठावलं नाही, उघडलं. रंग लावताना मालक कुणालाही आत घेत नसत. चाळीस वर्षं ते आणि आरसा, मध्ये तिसरं कुणी नाही.

"बाहेर!"

"कॉलर बसवायचीय," पिमबाई म्हणाल्या, आणि दार आतून लावलं. मी कोपऱ्यात टोप्यांच्या खोक्यांमध्ये उभा राहिलो. "मालक, टोबी आंधळा आहे. त्याने ते चित्र काढलं नाही."

मालकांचा हात गालाशी थांबला. "आंधळा? तो माझा शब्द..."

"डोक्यातून देतो. फिचसाहेबांना रेघ ओढता येत नाही. बोल्टला वाक्य ठाऊक नाही. वाक्य ठाऊक असलेल्या तिघांतले दोन गेले."

आरशातून मालक आमच्याकडे बघत होते. बोटातली पेन्सिल, तीळ गडद करायची, तशीच.

"आणि चेहरा," पिमबाई म्हणाल्या. "ठोकळ्यावर सगळं उलटं काढणारा, पाटी, तलवार, बटणं, काही म्हणून न चुकणारा कसबी माणूस. त्याला तुमचा तीळ तेवढा डाव्या गालावर दिसतो. आम्ही तुम्हाला रोज समोरून बघतो, मालक. तुमचा तीळ त्या बाजूला बघणारा माणूस जगात एकच आहे. तो आत्ता माझ्याकडे बघतोय. तिथून." त्यांनी आरशाकडे बोट केलं.

गॅसची ज्योत फुरफुरत होती.

"होक्स्टनच्या त्या दुकानात," पिमबाई हलकेच म्हणाल्या, "मुलांच्या कागदी नाटकघरासाठी नटांची चित्रं निघायची. माझ्या भावाकडे होती. खाली बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव असायचं: जे. स्नेल."

जॉब स्नेल हे थॉर्नबरींचंच जुनं नाव, हे सगळ्या लंडनला ठाऊक होतं. त्यांनी ते इतकं लपवून ठेवलं होतं. पण हा स्नेल चित्रं काढायचा, हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"कुणाला भिकेला लावलं का मी?" मालक शेवटी म्हणाले. हा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही गेला नसता. "त्या चौकातल्या थिएटरच्या मॅनेजरचं नाक दर आठवड्याला छापून येतं. तो पलीकडचा, घोडे नाचवणारा, त्याच्या मिशांवर कविता झाल्या. माझ्यावर चाळीस वर्षांत एक रेघ नाही, डोर्कस. एक शिवी नाही. थट्टा करण्याइतकासुद्धा मी कुणाला दिसलो नाही. म्हटलं, आपणच सुरुवात करून द्यावी. कुणीतरी पुढे चालवेल."

"आणि ते वाक्य?" मी न राहवून विचारलं. "ते का छापलंत?"

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. प्रत्यक्ष, आरशातून नाही.

"बाकीची वाक्यं तालमीत घोकता येतात, फिच. ते एकच मोठ्याने म्हणता येत नाही. राहील की नाही, या धास्तीने मनात सारखं म्हणत होतो. जेवताना, चालताना, चित्र काढताना. चित्राखाली काहीतरी लिहायचं होतं, हाताने तेच लिहिलं. आज सकाळी अंक उघडला तेव्हा ते मीच लिहिलंय हे मला आठवेना. मला खरंच वाटलं की दुसऱ्या कुणीतरी..." ते थांबले. शब्द द्यायला रॅग नव्हता. "क्षणभर फार बरं वाटलं. कुणीतरी लक्ष देतंय म्हणून."

"मग टोबीला बोलवा. सगळ्यांसमोर सांगा."

"काय सांगू? आत्ता लोक हसतात, कारण माझं चित्र कुणीतरी काढतंय. मीच काढतोय म्हटल्यावर हसणारसुद्धा नाहीत. सोमवारी त्याला पत्र लिहीन."

"त्याला वाचता येत नाही, मालक," पिमबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कॉलर बसवली. घट्ट.

५

थिएटर तुडुंब भरलं होतं. व्यंगचित्रातला माणूस जिवंत बघायला लोक आले होते, आणि निम्म्या गॅलरीच्या हातात 'नेटल' होता.

मी रॅगच्या कोपऱ्यात, उसन्या खुर्चीवर. पहिल्या अंकात मालक चारदा थांबले. मी शब्द दिले. दोनदा त्यांना ऐकू गेले, दोनदा त्यांनी खोकून वेळ मारली. शब्द देणं हे कसब आहे, हे मला चाळिशीत कळलं; प्रेक्षकांना न कळता नटाच्या कानात पोहोचणारा आवाज सगळ्यांना नसतो. माझा माझ्या मिशांपर्यंत पोहोचत होता.

शेवटचा प्रवेश. वीस वर्षांनी समुद्रावरून परतलेला कप्तान. बायको दुसऱ्याची, मुलं अनोळखी, कुत्रासुद्धा भुंकतो. मालक पुढे आले. त्यांनी हात वर केला, तालमीत करायचे तसाच. तोंड उघडलं.

आणि काहीच आलं नाही.

मी वाक्य दिलं. पुन्हा दिलं. ते माझ्याच दिशेला बघत होते, पण त्यांच्या डोळ्यांत मी नव्हतो. ते रॅगचं स्टूल शोधत होते, आणि ते तिथे नव्हतं. गॅलरीत कुणीतरी खिदळलं. मग अंकांची पानं सळसळली. सगळ्या नाटकघराला ते वाक्य ठाऊक होतं. एकट्या त्यांनाच नव्हतं. "अहो, छापलंय की इथे!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा वरून खाली कोसळत आला.

तेवढ्यात गॅलरीच्या शेवटच्या रांगेतून एक आवाज आला. ना चढ, ना उतार. त्या आवाजात कसलीच भावना नव्हती, कारण भावना घालणं हे नटाचं काम.

"या घरात मला."

हशा थांबला. मालकांनी मान वर केली.

"या घरात मला," ते म्हणाले.

"ओळखणारं कोणी."

"ओळखणारं कोणी..."

पुढचं त्यांना आठवलं. "उरलंय का?" हे त्यांनी विचारलं तेव्हा ते कप्तान नव्हते. मी लिहिलेलं वाक्य मीच पहिल्यांदा ऐकलं. रंगमंचासमोरच्या पिटातल्या बायका रडत होत्या. पुरुष नाक शिंकरत होते.

पडदा पडला, पुन्हा उघडला. मालक एकटेच पुढे आले, त्यांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या.

"सभ्य स्त्रीपुरुषहो, तुमच्या हातात जे चित्र आहे ते मी काढलं. आठही मीच काढली. आणि त्यासाठी आज सकाळी मी एका प्रामाणिक माणसाला चोर म्हटलं. टोबायस रॅग, तुमची जागा रिकामी आहे. खाली या."

मग अख्खं थिएटर हसलं. हसून हसून लोक एकमेकांच्या अंगावर पडले. स्वतःची अशी खिल्ली उडवणारा मॅनेजर त्यांनी बघितला नव्हता! ही तर नाटकापेक्षा भारी कोटी. मालक "खरंच सांगतोय, खरंच" म्हणत राहिले, तसतशा टाळ्या वाढत गेल्या. त्यांचा शब्द खरा मानणारा माणूस त्या घरात वर एकच बसला होता, आणि तो हसत नव्हता, असं शेजारच्या भाजीवालीने मला नंतर सांगितलं. तो डोळे पुसत होता. ज्यांचा आता दुसरा काही उपयोग नव्हता.

सोमवारी रॅग आला. स्टूल घेऊन. मालकांनी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. नाटक अकरा आठवडे चाललं. शेवटच्या तीन आठवड्यांत मालकांचं प्रत्येक वाक्य आधी कोपऱ्यातून यायचं. ईस्टरनंतर ते रंगमंचावर आले नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यात गेले.

पण मला आठवतो तो पहिल्या प्रयोगानंतरचा शनिवार. रंगपटात मालक आरशासमोर, पिमबाई त्यांच्या बाहीशी, रॅग दाराशी. टेबलावर चार साप्ताहिकं. चारही अंकांत मालकांवर व्यंगचित्रं छापली होती. खऱ्या चित्रकारांनी काढलेली, मोठी, पानभर. चाळीस वर्षांनंतर.

मालकांनी एक अंक उचलून रॅगला दिला. "बघ, टोबी. कसं वाटतं?"

रॅगने तो उलटा धरला आणि हातभर लांब नेला.

"हुबेहूब, मालक."

मालक दुसरा अंक आरशाजवळ घेऊन गेले. चित्राकडे बघितलं, आरशात बघितलं, पुन्हा चित्राकडे. लहान मुलासारखा त्यांचा चेहरा हिरमुसला.

"गाढवं आहेत," ते म्हणाले. "तीळ चुकीच्या गालावर काढलाय."

पिमबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. नसत्या तरी त्या काही बोलल्या नसत्या.